फायरवॉलमध्येच बफर ओव्हरफ्लो निघाला तर? फोर्टिगेटवाल्यांसाठी पॅचच्या आधी, पॅच करताना आणि पॅचनंतर काय करायचं

फोर्टिगेट या फोर्टिनेट कंपनीच्या फायरवॉलची काही गंभीर बातमी आली की सगळीकडे एकच मेसेज फिरतो, "पॅच (कंपनीने दिलेली दुरुस्ती) मारा लवकर". पॅच मारायचाच आहे, त्यात वाद नाही. पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी रात्री बारा वाजता अपग्रेड करतात, बॉक्स रीबूट झाला, नेट चालू झालं, साहेबांना "डन" असा मेसेज टाकला की विषय संपला. आणि तो बॉक्स पॅचच्या आधी तीन आठवडे कोणीतरी उघडून बसलेलं असेल तर तुम्ही रीबूट करून त्याचे पुरावे पुसले आणि वर त्याला आत ठेवून दार लावून घेतलं. म्हणून हा लेख क्रमावर आहे, आधी काय आणि मग काय, कारण इथे क्रम चुकला की परत मागे जाता येत नाही.

उदाहरण म्हणून दोन प्रकरणं घेतो, दोन्ही फोर्टिओएसच्या, म्हणजे फोर्टिगेटच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, एसएसएल व्हीपीएनमधली (घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये येण्याची सोय) आणि दोन्ही हीप बफर ओव्हरफ्लो, म्हणजे मेमरीत धरलेल्या जागेपेक्षा जास्त डेटा लिहिला जाण्याचा प्रकार. पहिलं सीव्हीई-२०२२-४२४७५ (सीव्हीई म्हणजे बगचा नोंदणी क्रमांक), जाहीर झालं १२ डिसेंबर २०२२ ला. दुसरं सीव्हीई-२०२३-२७९९७, जाहीर १२ जून २०२३ ला. हे दुसरं लेक्सफो या फ्रेंच कंपनीच्या चार्ल्स फॉल आणि डॅनी बाख यांनी शोधलं. तुमच्याकडे दुसऱ्या कंपनीचा बॉक्स असेल तर कमांड बदलतील, पण क्रम हाच ठेवा. सिस्को एएसए, सोनिकवॉल, पालो आल्टो, या सगळ्यांच्या व्हीपीएन किंवा मॅनेजमेंटच्या भागात ओव्हरफ्लो निघून झालेत, त्यामुळे "आमचा ब्रँड वेगळा" म्हणून कोणी हसू नये.

कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करायच्या.

आधी थोडक्यात, नेमकं फुटतं काय

ज्यांना हे माहीत आहे त्यांनी पुढे जा. एसएसएल व्हीपीएनचं लॉगिन पान इंटरनेटवर उघडं असतं, असावंच लागतं, नाहीतर घरून कोणी कनेक्ट कसं होणार. त्या पानाला आलेली प्रत्येक रिक्वेस्ट फायरवॉलच्या आतला एसएसएलव्हीपीएनडी नावाचा प्रोसेस वाचतो. म्हणजे लॉगिन व्हायच्या आधीच, पासवर्ड तपासायच्या आधीच, कोणा अनोळखी माणसाने पाठवलेला डेटा तुमच्या फायरवॉलच्या मेमरीत जाऊन बसतो. २०२३ वाल्या बगमध्ये एका पॅरामीटरमध्ये डेटा हेक्स स्वरूपात यायचा, सोबत त्याची लांबीही यायची. हेक्समध्ये एका बाइटला दोन अक्षरं लागतात. कोडने जागा धरली अर्ध्या लांबीची, जे बरोबर आहे, पण पाठवणाऱ्याने सांगितलेली लांबी तपासली ती पूर्ण हेक्सच्या लांबीशी. अर्ध्या लिटरच्या पातेल्यात एक लिटर दूध ओतायला परवानगी मिळाली, वरचं सगळं बाजूच्या भांड्यात. बाजूच्या भांड्यात काय आहे हे ज्याला नीट माहीत आहे तो त्या मेमरीत आपल्याला हवं ते लिहून घेतो आणि मग बॉक्सवर आपला कोड चालवतो.

इथे टू-फॅक्टर असलं तरी काही उपयोग नाही, हे बऱ्याच लोकांना पटत नाही. ओटीपी विचारायची वेळच येत नाही ना, खेळ त्याच्या आधीच संपतो.

पहिलं काम: तुमचा बॉक्स यात बसतो का बघा

सीएलआयमध्ये (बॉक्सच्या कमांड लाइनवर) "गेट सिस्टिम स्टेटस" मारा. व्हर्जन, बिल्ड नंबर, सिरियल, एचए मोड (दोन बॉक्स जोडीने चालवायची सोय), सगळं एका पडद्यावर येतं, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. डिसेंबर २०२२ वाला बग ७.२.३, ७.०.९, ६.४.११ आणि ६.२.१२ मध्ये बंद झाला. जून २०२३ वाला ७.२.५, ७.०.१२ आणि ६.४.१३ मध्ये. पण आज तेवढ्यावर थांबू नका, कारण ८ फेब्रुवारी २०२४ ला सीव्हीई-२०२४-२१७६२ आला, तोही त्याच एसएसएल व्हीपीएनमध्ये हद्दीबाहेर लिहिण्याचा प्रकार, आणि तो ७.४.३, ७.२.७, ७.०.१४, ६.४.१५ मध्ये बंद झाला. आणि पुढे सिमलिंकची भानगड सांगणार आहे, तिच्यामुळे किमान पातळी अजून वर जाते.

मग बघायचं की एसएसएल व्हीपीएन खरंच चालू आहे का. "आम्ही वापरत नाही" हे उत्तर मी मानत नाही, कारण लॉकडाऊनमध्ये घाईघाईत चालू केलेलं व्हीपीएन नंतर कोणी बंदच केलेलं नसतं. सोपी चाचणी म्हणजे ऑफिसचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावरून तुमच्या पब्लिक आयपीला ४४३ आणि १०४४३ या पोर्टवर ब्राउझरमधून जाऊन बघा. दुसरा कुठला पोर्ट ठेवला असेल तर तोही. दोन आयएसपी असतील तर दोन्ही आयपी. लॉगिन पान दिसलं की ते अख्ख्या जगाला दिसतंय. पोर्ट बदलला म्हणून सुरक्षित असं काही नसतं, स्कॅन करणारे सगळे पोर्ट स्कॅन करतात.

एकटे तुम्हीच मागे राहिलाय असंही नाही. जून २०२३ नंतर काही आठवड्यांनी बिशप फॉक्स या सुरक्षा कंपनीने इंटरनेटवर शोध घेतला तेव्हा जवळपास ४,९०,००० एसएसएल व्हीपीएन इंटरफेस उघडे दिसले आणि त्यातले ६९ टक्के पॅच न झालेले.

दुसरं काम: दार बंद करा, पण लाइट घालवू नका

जुनं व्हर्जन आहे आणि व्हीपीएन बाहेर उघडं आहे हे नक्की झालं की अपग्रेडच्या विंडोची वाट न बघता एसएसएल व्हीपीएन बंद करायचं. "कॉन्फिग व्हीपीएन एसएसएल सेटिंग्ज" मध्ये जाऊन "सेट स्टेटस डिसेबल". खूप जुन्या व्हर्जनमध्ये हा पर्याय मिळाला नाही तर सोर्स इंटरफेस काढून टाका. नुसता वेब मोड (ब्राउझरमधून वापरायचा प्रकार) बंद करून भागत नाही, २०२४ वाल्या बगच्या वेळी फोर्टिनेटने हे मुद्दाम लिहिलं होतं. परत मोबाइलवरून तपासा, पान यायला नको.

आता फोन येतील. सेल्सवाले, अकाउंट्सचे घरून काम करणारे, आणि एखादे डायरेक्टर जे नेमके तेव्हाच परदेशात असतात. ही तयारी आधीच करून ठेवा, एचआरकडून मेल जाऊ दे की व्हीपीएन उद्यापर्यंत बंद आहे. टॅली रिमोटवरून चालवणाऱ्यांना पर्याय म्हणून आरडीपीचा (रिमोट डेस्कटॉपचा) पोर्ट बाहेर उघडून देऊ नका, प्लीज, आगीतून फुफाट्यात असं होतं ते.

आणि महत्त्वाचं, या टप्प्यावर बॉक्स रीबूट करायचा नाही. पॉवर काढून लावायची नाही. "एकदा रीस्टार्ट करून बघू" ही आपली जुनी सवय इथे नडते, कारण मेमरीत काही चालू असेल तर ते रीबूटला जातं आणि मग आत कोण होतं ते कळतच नाही.

तिसरं काम: पुरावे गोळा करा

हा भाग लोक सोडतात, म्हणून मी इथे जरा जास्त वेळ घेतो.

लॅपटॉपवर पुटी (बॉक्सला कमांड द्यायचं सॉफ्टवेअर) उघडा आणि सेशनचं लॉगिंग चालू करा, म्हणजे पडद्यावर येईल ते सगळं फाइलमध्ये जाईल. शक्य असेल तर कन्सोल केबल लावा. मग "एक्झिक्युट टॅक रिपोर्ट" चालवा, त्याला वेळ लागतो, लागू द्या. कॉन्फिगचा बॅकअप घ्या आणि त्यावर तारीख वेळ घालून बॉक्सपासून वेगळ्या जागी ठेवा. व्हर्च्युअल फोर्टिगेट असेल तर तुमचं नशीब चांगलं, हायपरव्हायजरवरून मेमरीसकट स्नॅपशॉट घेऊन टाका.

मग "डायग्नोज डिबग क्रॅशलॉग रीड". यात भरपूर कचरा असतो, घाबरू नका. शोधायचं काय तर एसएसएलव्हीपीएनडी हे नाव. इव्हेंट लॉगमध्ये तीच गोष्ट "अ‍ॅप्लिकेशन क्रॅश्ड" अशा वर्णनाने येते आणि मेसेजमध्ये असतं "अ‍ॅप्लिकेशन: एसएसएलव्हीपीएनडी", पुढे "सिग्नल ११ रिसीव्ह्ड" आणि मग "बॅकट्रेस". डिसेंबर २०२२ मध्ये फोर्टिनेटने दिलेल्या खुणांमध्ये ही पहिली होती. सिग्नल ११ म्हणजे प्रोसेसने नको त्या मेमरीला हात लावला आणि मेला. एखादा क्रॅश साध्या बगमुळेही होतो, पण पहाटे तीनला, व्हीपीएनवर कोणी नसताना, काही मिनिटांत लागोपाठ तीन-चार क्रॅश असतील तर कोणीतरी बाहेरून नेम धरत होतं असं समजा. हीप ओव्हरफ्लो पहिल्या फटक्यात बसेलच असं नसतं, चुकलेल्या फटक्यांचे आवाज इथे ऐकू येतात. या वेळा लिहून ठेवा आणि बॉक्सचं घड्याळ बरोबर आहे ना तेही बघा, नाहीतर बाकीच्या लॉगशी ताळा लागणार नाही.

पुढे फाइलसिस्टिम. "डायग्नोज सिस लास्ट-मॉडिफाइड-फाइल्स" ही कमांड देऊन त्यापुढे डेटा-लिब, डेटा-इटीसी, व्हार आणि फ्लॅश या फोल्डरचे पाथ एकेक करून द्या. २०२२ च्या हल्ल्यात डेटा-लिबमध्ये सापडलेल्या फाइलींची नावं बघण्यासारखी आहेत, लिबआयपीएस-डॉट-बॅक, लिबजिफ, लिबआयपीटीसीपी, लिबआयपीयूडीपी, आणि एक लिबजेईपीजी. जेपीईजी नाही, जेईपीजी! अक्षरं उलटसुलट, म्हणजे वरवर बघणाऱ्याला चित्रांची लायब्ररी वाटावी. रात्री दोनला डोळे चुरचुरत असताना आपण हे शंभर टक्के वाचून पुढे गेलो असतो, म्हणून आउटपुट फाइलमध्ये घ्या आणि सकाळी दुसऱ्या माणसाला वाचायला द्या. व्हार फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारी एसएसएलव्हीपीएनकॉन्फिगबीके नावाची लपलेली फाइलही याच यादीत होती.

नंतर कॉन्फिग डोळ्याखालून घाला. ओळखीचे नसलेले अ‍ॅडमिन, लोकल यूजर, अचानक आलेली पॉलिसी, बदललेला डीएनएस, नवीन व्हीआयपी (बाहेरचा आयपी आतल्या सर्व्हरकडे वळवणारा नियम). जुना बॅकअप असेल तर दोन्ही फाइली शेजारी शेजारी ठेवून फरक बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

आता एक वाईट बातमी. लॉग साफ दिसले म्हणजे बॉक्स साफ असं नाही. जानेवारी २०२३ मध्ये मँडियंट या सुरक्षा कंपनीने बोल्डमूव्ह नावाच्या मालवेअरबद्दल लिहिलं, ते फोर्टिगेटसाठीच बनवलेलं होतं आणि त्यात बॉक्सचं लॉगिंग बंद पाडायची सोय होती. २०२२ वाल्या बगचा वापर ऑक्टोबर २०२२ पासून होत असल्याच्या खुणाही त्यांना मिळाल्या, म्हणजे जाहीर व्हायच्या दोन महिने आधीपासून. म्हणून लॉगमध्ये नसलेली वेळ शोधा. रोज मिनिटाला शंभर ओळी येतात आणि अमुक रात्री चाळीस मिनिटं काहीच नाही, हाही पुरावाच आहे. लॉग बाहेर सिसलॉग सर्व्हरवर जात असतील तरच हा ताळा नीट होतो, बॉक्सच्या आतल्या लॉगवर भरवसा ठेवू नका.

काही सापडलं तर दोन गोष्टी. फोर्टिनेटच्या सपोर्टकडे तिकीट टाका, रीबूटच्या आधी. आणि भारतात असाल तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावं लागतं. लॉग १८० दिवस ठेवण्याचंही त्यातच आहे. "आम्ही छोटी कंपनी" म्हणून सुटका होत नाही, आणि सहा तास हा वेळ फार कमी असतो, त्यामुळे कोण कळवणार, फॉर्म कुठे आहे, हे आजच ठरवून ठेवा.

चौथं काम: अपग्रेड

यात नवीन काही नाही, पण जिथे हमखास अडकतं तेवढं सांगतो.

सपोर्ट काँट्रॅक्ट संपलेलं असेल तर फर्मवेअर डाउनलोड होणार नाही. एएमसी रिन्यूची फाइल परचेसमध्ये तीन महिने पडून असते आणि मग बग येतो तेव्हा सगळ्यांना जाग येते. कोणी मित्राने पाठवलेली फर्मवेअर फाइल पेनड्राइव्हवरून टाकू नका, पोर्टलवरूनच घ्या आणि तिथे दिलेल्या हॅशशी जुळवा.

६.४ वरून थेट ७.४ वर उडी मारायची नाही, अपग्रेड पाथ टूलमध्ये मॉडेल आणि व्हर्जन घालून मधले टप्पे बघायचे. टप्पे चुकवले तर पॉलिसी गायब होतात आणि सकाळी आठच्या शिफ्टला मशीन सर्व्हरशी बोलत नाही म्हणून बोंब होते. एचए पेअर असेल तर आधी "डायग्नोज सिस एचए चेकसम क्लस्टर" ने दोन्ही जुळतायत ना बघा. अपग्रेडनंतर "डायग्नोज डिबग कॉन्फिग-एरर-लॉग रीड" नक्की मारा, कुठल्या ओळी नवीन व्हर्जनने नाकारल्या ते कळतं.

तिसऱ्या कामात काही संशयास्पद सापडलं असेल तर साधं अपग्रेड चालणार नाही. नेदरलँड्सच्या दोन गुप्तचर संस्थांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये कोटहँगर नावाचं मालवेअर जाहीर केलं, तिथल्या संरक्षण खात्याच्या एका नेटवर्कवर २०२३ मध्ये सापडलेलं, आत आलं होतं याच २०२२ वाल्या बगमधून. ते रीबूटला टिकतं आणि फर्मवेअर अपग्रेडलाही टिकतं. जून २०२४ मध्ये त्यांनीच सांगितलं की २०२२ आणि २०२३ मध्ये मिळून जगभरात किमान २०,००० फोर्टिगेटमध्ये हे मालवेअर टाकणारा गट घुसला होता, आणि त्यातले १४,००० तर बग जाहीर व्हायच्या आधीच. तेव्हा अशा वेळी कन्सोल केबल लावून बूट मेनूमधून बूट डिव्हाइस फॉरमॅट करा, टीएफटीपीवरून (नेटवर्कवरून फाइल पाठवायची साधी पद्धत) ताजं फर्मवेअर टाका आणि कॉन्फिग घटना व्हायच्या आधीच्या बॅकअपमधून, ओळ न ओळ वाचून, परत चढवा. अख्खा रविवार जातो यात. जाऊ द्या.

या डच प्रकरणात नुकसान मर्यादित राहिलं कारण ते नेटवर्क पन्नासहून कमी लोकांचं होतं आणि बाकी नेटवर्कपासून वेगळं तोडलेलं होतं. आपल्याकडे सीसीटीव्ही, पीएलसी (मशीन चालवणारे कंट्रोलर), अकाउंट्स आणि गेस्ट वायफाय एकाच व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या एकाच कप्प्यात) सुखाने नांदत असतात.

सिमलिंकची भानगड आता. एप्रिल २०२५ मध्ये फोर्टिनेटने सांगितलं की जुन्या बगमधून आत आलेल्यांनी एसएसएल व्हीपीएनच्या भाषांच्या फाइली ठेवायच्या फोल्डरमध्ये एक सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या जागेकडे नेणारा शॉर्टकट, करून ठेवली होती, जी थेट रूट फाइलसिस्टिमकडे जायची. मूळ बग पॅच झाला तरी ती लिंक तशीच राहिली आणि बाहेरून कॉन्फिग वाचता येत होतं. इंटरनेट स्कॅन करणाऱ्या शॅडोसर्व्हर संस्थेला असे १६,००० च्या वर बॉक्स दिसले. ७.६.२, ७.४.७, ७.२.११, ७.०.१७ आणि ६.४.१६ या व्हर्जन ती लिंक स्वतः काढून टाकतात. म्हणून यापेक्षा खालचं काहीही आज चालणार नाही, आणि तुमच्या ब्रँचमध्ये (७.२, ७.४ अशा व्हर्जनच्या मालिकेत) निघालेलं सगळ्यात नवीन घेतलं तर उत्तमच.

पाचवं काम: सगळे पासवर्ड बदला, हो सगळे

इथे लोक कंटाळतात. २०१९ मध्ये फोर्टिओएसचाच एक वेगळा बग गाजला होता, सीव्हीई-२०१८-१३३७९, त्यातून व्हीपीएनचे यूजर-पासवर्ड वाचता यायचे. कित्येकांनी नंतर पॅच मारला पण पासवर्ड तेच ठेवले. सप्टेंबर २०२१ मध्ये सुमारे ८७,००० फोर्टिगेटचे लॉगिन एकत्र करून बाहेर टाकले गेले आणि त्यात असे पॅच झालेले बॉक्सही होते, चावी जुनीच असल्यामुळे.

यादी करा. अ‍ॅडमिनचे पासवर्ड, लोकल व्हीपीएन यूजर, ब्रँच ऑफिसच्या आयपीसेक (व्हीपीएनचा दुसरा प्रकार) टनेलच्या प्री-शेअर्ड की, एसएनएमपी कम्युनिटी, रेडियसचं सीक्रेट, एपीआय टोकन, वाइल्डकार्ड सर्टिफिकेटची प्रायव्हेट की, ती फायरवॉलवर चढवलेली असेल तर सर्टिफिकेट रद्द करून नवीन घ्या. आणि एलडॅप बाइंडचं अकाउंट, म्हणजे फायरवॉल ज्याने डोमेनमधले यूजर तपासते ते. हे अकाउंट किती ठिकाणी चक्क डोमेन अ‍ॅडमिन असतं हे बघून मला आता आश्चर्यही वाटत नाही, सोपं पडतं म्हणून कोणीतरी तसं टाकतं आणि तेच राहतं. फायरवॉल गेली की अख्खं डोमेन गेलं. त्याला फक्त वाचायचे हक्क असलेलं वेगळं अकाउंट करा, आणि जुन्या अकाउंटने गेल्या काही महिन्यांत कुठे कुठे लॉगिन केलं ते डोमेन कंट्रोलरवर तपासा. फायरवॉलच्या आयपीवरून फाइल सर्व्हरला आरडीपी दिसलं तर तुमचं प्रकरण फायरवॉलपुरतं राहिलेलं नाही.

कॉन्फिगमध्ये हे सगळं एनक्रिप्टेड असतं म्हणून निर्धास्त राहू नका. जुन्या फोर्टिओएसमध्ये त्यासाठी सगळ्या बॉक्सना एकच ठरलेली की होती, त्याचा सीव्हीई-२०१९-६६९३ म्हणून वेगळा बग नोंदलेला आहे. "कॉन्फिग सिस्टिम ग्लोबल" मध्ये प्रायव्हेट-डेटा-एनक्रिप्शन चालू करून स्वतःची की द्या आणि ती की लिहून तिजोरीत ठेवा, हरवली तर बॅकअप परत चढत नाही.

शेवटचं: परत उघडायचं तर कसं

मॅनेजमेंटचं पान वॅनवरून (इंटरनेटच्या बाजूने) पूर्ण बंद. घरून बघायचंच असेल तर आधी व्हीपीएनमधून आत या, मग पान उघडा. अ‍ॅडमिनला ट्रस्टेड होस्ट लावा (ठरावीक आयपीवरूनच लॉगिन) आणि लोकल-इन पॉलिसी लिहा, कारण नेहमीच्या फायरवॉल पॉलिसी बॉक्सवर स्वतःवर येणाऱ्या ट्रॅफिकला लागत नाहीत, हे अनुभवी लोकांच्याही डोक्यातून निसटतं. व्हीपीएन फक्त भारतातूनच वापरत असाल तर तिथेही देशाप्रमाणे अडवता येतं, नेम धरून येणाऱ्याला ते थांबवणार नाही पण आलतूफालतू स्कॅन बरेच कमी होतात. लॉग बाहेर पाठवा, आणि एसएसएलव्हीपीएनडीच्या क्रॅशवर मेल अलर्ट लावा.

फोर्टिनेटच्या मेलची वाट बघत बसू नका. २०२३ च्या वेळी फिक्स असलेलं फर्मवेअर शुक्रवारी, ९ जूनला पडलं होतं आणि अधिकृत सूचना आली सोमवारी, १२ तारखेला. कंपनीची बाजू अशी की आधी लोकांना पॅच करायला वेळ मिळावा. मला हे फारसं पटत नाही, कारण नवीन आणि जुनं फर्मवेअर शेजारी ठेवून काय बदललं ते शोधणारे शनिवार-रविवार सुट्टी घेत नाहीत, सुट्टीवर असतो आपला अ‍ॅडमिन. त्यामुळे तुमच्या ब्रँचचं नवीन व्हर्जन कारण न सांगता अचानक निघालं, तेही जुन्या जुन्या ब्रँचना एकाच दिवशी, की समजून जा.

एसएसएल व्हीपीएन मुळात परत चालू करायचंच का, हा प्रश्न फोर्टिनेटनेच सोडवलाय. ७.६.० पासून २ जीबी रॅमच्या छोट्या मॉडेलमधून ते काढून टाकलं आणि ७.६.३ पासून टनेल मोड (लॅपटॉप थेट ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा प्रकार) सगळ्याच मॉडेलमधून गेला. म्हणजे आज ना उद्या आयपीसेकवर जावंच लागेल, मग या घटनेच्या निमित्ताने आत्ताच जा. आयकेव्ही२ (आयपीसेक जोडणीची नवी पद्धत) वापरा, आधी पाच-दहा लोकांवर चालवून बघा. काही हॉटेल आणि क्लायंटच्या वायफायवर यूडीपी ५०० आणि ४५०० अडवलेलं असतं, तिथून तक्रारी येतील, नवीन व्हर्जनमध्ये टीसीपीवरून आयपीसेक चालवायची सोय आहे ती तेव्हा कामी येते. आणि ७.६.३ वर चढताना जुन्या एसएसएल टनेलच्या सेटिंग आपोआप आयपीसेकमध्ये बदलून येत नाहीत, त्या सरळ जातात, तेव्हा नवीन टनेल आधी उभं करा, लोकांच्या लॅपटॉपवर नवीन प्रोफाइल टाका, आणि मगच अपग्रेडचं बटण दाबा.